औषध नसलेली गोळी

निकिताचे केस कंगव्यात पुंजक्यांनी यायला लागले, तेव्हा आशाताईंनी औषधाच्या दुकानातून केसांच्या गोळ्या आणल्या. रोज एक घ्यायची होती. पण दिवाळीनंतर सायखेड्याची मंडळी मुलगी पाहायला येणार होती, म्हणून त्या सकाळी दोन आणि रात्री दोन देऊ लागल्या. तरी केस गळतच राहिले. शेवटी नाशिक रोडच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

"काही औषध चालू आहे?" रक्त घेताना लॅबमधल्या मुलीने विचारलं.

"छे, औषध कसलं!" आशाताई म्हणाल्या. केसांची गोळी त्यांच्या लेखी पावडर-क्रीमच्याच पंगतीतली.

रिपोर्ट आला. थायरॉइड भलताच वाढलेला. डॉक्टरांनी तो कमी करायच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "घसा दुखला, ताप आला, तर गोळी थांबवून तडक या. या औषधाने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. मग साधा संसर्गही जिवावर बेततो."

तेव्हापासून आशाताई येता-जाता लेकीच्या कपाळाला हात लावायच्या.

"आई, मी काय तवा आहे का, तापलाय का बघायला?" निकिता वैतागायची.

तिसऱ्या आठवड्यात लॅबमधून फोन आला. "काकू, निकिताची तपासणी ज्या किटवर केली, ते कंपनीने परत मागवलंय. पेशंट केसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असेल, तर त्या किटवर आकडे चुकीचे येतात. ती घेते का तसलं काही?"

आशाताईंची नजर केसांच्या गोळ्यांच्या डबीवर गेली. म्हणजे आजार नव्हताच कदाचित. आणि त्या आजाराचं औषध त्या रोज स्वतःच्या हाताने पोरीला भरवत होत्या.

तेवढ्यात आतून निकिताची हाक आली, "आई, कोमट पाणी दे ना. गिळताना टोचतंय."

नवरा सातपूरला पहिल्या पाळीला गेलेला. त्याला न कळवताच त्यांनी रिक्षा केली.

"दिवसाला चार? आणि लॅबमध्ये औषध नाही म्हणून सांगितलंत?" डॉक्टर म्हणाले.

"मला ते औषध वाटलंच नाही हो."

पुन्हा रक्त घेतलं. बाकावर बसल्या बसल्या निकिताने विचारलं, "सायखेड्याला काय सांगणार?"

"आग लागो त्या स्थळाला! तू बोलू नकोस, घसा दुखेल."

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे केला. "पेशी व्यवस्थित आहेत. घसा नुसता सर्दीचा. आता दोन्ही गोळ्या बंद. थायरॉइड आठवड्याने पुन्हा पाहू."

निकिताने सुस्कारा सोडला. आशाताई मात्र कागदाकडे पाहतच राहिल्या. त्याच लॅबचं नाव, तसेच छापील आकडे. मागच्या वेळीही ते इतकेच खरे वाटले होते.

"डॉक्टर," त्यांनी कागद परत पुढे सरकवला, "अजून एकदा काढा ना रक्त. दुसऱ्या लॅबमध्ये. आत्ताच."