आबांच्या सायकलीचं ग्रीस

सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. घर्षण हा माझा हातखंडा धडा. पोरं पेंगायला लागली तरी मी फळ्यावर उतार काढते, त्यावर ठोकळा ठेवते आणि तो का घसरतो, का अडतो हे तावातावानं सांगते. एवढं असून सायकलच्या चाकात कोणतं ग्रीस घालायचं या प्रश्नानं गेल्या वर्षी मला चार महिने घोळवलं. आज कुणी विचारलं तरी मी ठाम उत्तर देईन याची खात्री नाही.

सायकल आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या अलीकडे, माळावरचं. आबांनी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. पेन्शनवर आल्यापासून ते रोज सकाळी त्या काळ्या, उंच सायकलवरून औंधला जातात. तिथं त्यांच्यासारखे चार-सहा जुने फौजी जमतात, चहा होतो, पेपर वाचून होतो, सरकारला सल्ले देऊन होतात आणि जेवणाच्या आत सगळे आपापल्या घरी. बाकी आबांना ना भजनाची आवड, ना टीव्हीची. औंधला जाणं थांबलं तर हा माणूस घरात नुसता बसून राहील, ही धास्ती आईला होती आणि मलाही.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा चहा पिता पिता आबा म्हणाले, "सायकल लय जड चालतीया अलीकडं."

आमच्या घरात कुठलीही तक्रार अशीच येते. स्वतःच्या देहाबद्दल बोलायचं म्हणजे रडगाणं, आणि रडगाणं आमच्यात कुणी गात नाही. आजोबा म्हातारपणी म्हणायचे, यंदा पायरी उंच बांधलीय. पायरी तीच होती. आई एकदा म्हणाली, वरवंटा जड झालाय. मी तिला मिक्सर आणून दिला. ती खूश झाली, मीही खूश झाले. तिचा खांदा आखडलाय हे पुढं सहा महिन्यांनी कळलं, तिला स्वतःची वेणी घालता येईना तेव्हा. दगडाचं वजन वाढत नाही एवढं तरी माझ्यासारखीला कळायला हवं होतं. त्यावर आम्ही पुष्कळ हसलो आणि विषय संपला.

तर सायकल जड चालत होती. आबांच्या हातांना हल्ली बारीक नट धरवत नव्हते, म्हणून मीच दोन्ही चाकं सोडवली आणि ते सांगतील तशी ओट्यावर पोतं अंथरून उघडली. आत जुनं ग्रीस वाळून खरवडीसारखं झालेलं. त्यात रुतलेले बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुतले तर दोन-तीन गंजलेले निघाले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! रोग सापडला. आता औषध लावायचं, एवढंच.

औषधापाशीच सगळी गंमत सुरू झाली. सांगलीत ऑइल-ग्रीसच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कोणतं देऊ?" मी म्हटलं, "ग्रीस." तो म्हणाला, "ताई, ते कळलं. पिवळं, पांढरं, निळं, काळं? दोन नंबर का तीन नंबर?" कापडाच्या दुकानात आल्यासारखं वाटलं मला. नंबर म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, घट्टपणा. मग घट्ट चांगलं का पातळ? "तुमच्यावर हाय," म्हणाला. माझ्यावर कसं असेल? मी काय चाक आहे?

शेजारी उभ्या ट्रॅक्टरवाल्यानं पिवळ्या तीन नंबरची शिफारस केली. "ट्रॅक्टर वडतंय, तर सायकल काय चीज हाय?" मला ते पटलं. पुढच्या रजेत विट्याला गाडी बदलून गावी गेले, नवे छर्रे घातले, ग्रीस थापलं. आबा औंधला जाऊन आले. सायकल भिंतीला लावून पायरीवर टेकले.

"कशी चालतीय?"

"जडच हाय," म्हणाले.

सांगलीला परतल्यावर मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला बसले. एक जण म्हणतो, सायकलला घट्ट ग्रीस घातलं तर थंडीत छर्रे चिखलात फसल्यासारखे होतात. दुसरा म्हणतो, पातळ घातलं तर पावसात धुऊन जातं. तिसरा म्हणतो, पांढरं उत्तम. चौथा त्याच पांढऱ्याला हसतो. वर्गात पोरांना काही कळेनासं झालं की त्यांचं तोंड जसं दिसतं, तसं माझं मला त्या दिवसांत आरशात दिसलं.

पुढच्या सुट्टीत गावी जाऊन पांढरं घातलं. त्याआधी पिवळं पुसून काढलं, रॉकेलनं पुन्हा धुतलं, कारण आबांची सक्त ताकीद होती: "दोन ग्रीस कवा एकत्र करू न्हाई बघ. एकमेकांला खात्यात, पानी हुतंय." ते खाटेवर बसून सूचना देत होते. छर्र्यांची वाटी पूर्ण भरू नको, वरचा कोन-नट लय आवळू नको, चाक फिरवून बघ. त्यांच्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर बसलेच नव्हते. बोलता बोलता ते मधेच थांबायचे आणि मग पुढचं वाक्य धरायचे. मला वाटायचं, आठवतायत.

पांढऱ्यानंही जडच. आई हळूच म्हणाली, "औंदच्या चढाला उतरून चालत जात्यात म्हनं आता." मी म्हटलं, "जातीलच. सायकलच जड आहे."

मग मी सरळ फिजिक्सवाल्यासारखी वागायचं ठरवलं. सायकल स्टँडवर उभी केली, मागच्या चाकाला दणका दिला आणि ते थांबेपर्यंत मोबाईलवर वेळ मोजली, एकदा पुन्हा पिवळं घालून, एकदा पांढरं. पिवळ्यापेक्षा पांढऱ्यानं जास्त वेळ. चाक हलकं झालं होतं, याबद्दल शंकाच नाही. तरी आबा म्हणत होते, जड. आता कुणावर विश्वास ठेवायचा? घड्याळावर, की ज्यानं पंचवीस वर्षं फौजेच्या गाड्यांची चाकं खोलली त्याच्यावर? मी आबांवर ठेवला. माझंच मोजण्यात काहीतरी चुकत असणार, सायकलवर बसलेला माणूस धरला पाहिजे, साखळी धरली पाहिजे, पायडलचा कणा धरला पाहिजे. वही भरली माझी.

शेवटी संक्रांत होऊन महिना उलटल्यावर सायकलच एसटीच्या टपावर टाकून सांगलीला आणली आणि एका जुन्या मिस्त्रींकडे ओव्हरऑइलिंगला दिली. त्यांनी पुढचं चाक फिरवलं, मागचं फिरवलं, पायडल उलटं मारलं. कान लावून ऐकलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, ही सायकल जड न्हाई."

"अहो, चालवणारा सांगतोय ना."

"चालवनाऱ्याचं वय काय?"

मला राग आला. कामचुकार माणूस, वर आमच्या आबांचं वय काढतो! "ते फौजेतले आहेत," मी म्हटलं, जणू फौजेतल्या माणसाला वय नसतं. "तुम्ही निळं ग्रीस घाला. दोन नंबर. मी वाचलंय." मिस्त्रींनी खांदे उडवले आणि निळं घातलं. चाकं अशी फिरायला लागली की थांबवावी लागत. सायकल परत गावी पोचवून मी विजयी मुद्रेनं कॉलेजला रुजू झाले.

त्याच आठवड्यात मंगळवारी, माझा तास चालू असताना, आईचा फोन आला. आबा औंधच्या चढाखाली मोरीवर बसले होते. गावातला दूधवाला येत होता, त्यानं ओळखलं. कपाळाला घाम, ओठ पांढरे. त्यानं सायकल तिथंच टाकली आणि आबांना गाडीत घालून साताऱ्याला नेलं.

मी पोचले तेव्हा डॉक्टर त्यांना विचारत होते, "बाबा, दम कधीपासून लागतोय?"

"मला कुटं दम लागतोय?" आबा नाकातल्या नळीसकट म्हणाले. "सायकल जड झालीया."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेली म्हणून. आणि मी खरंच सांगायला लागले. दिवाळीत सायकल जड वाटत होती. पिवळं घातलं तेव्हाही वाटत होती. पांढरं घातलं तेव्हा ते चढाला उतरायला लागले. निळं घातलं आणि... डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "निळं काय?" "ग्रीस," मी म्हटलं. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांपैकी दोन जवळजवळ बंद होत्या. चार महिने त्या बंद होत होत्या आणि मी चार महिने पोत्यावर बसून छर्रे पुसत होते. लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

आबा वाचले. रक्तवाहिन्यांत स्टेंट घातले, गोळ्या सुरू झाल्या, उन्हाळाभर खाटेवर राहिले. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ज्या माणसाला चाकाला नुसता हात लावून ग्रीस कसलं आहे ते कळतं, त्याला निळ्या ग्रीसचं चाक हलकं आहे हे कळलं नसेल? कळलं असेल तर मग मला का फिरवलं? आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यांला ठावं हुतं का न्हाई, ते त्यांलाबी ठावं नसंल. तू येत हुतीस दर रजेला, हे मातूर ठावं हुतं." यातून मी काय घ्यायचं, ते तिनं सांगितलं नाही.

पावसाळा सरल्यावर डॉक्टरांनी सपाटीला थोडी सायकल चालवायला परवानगी दिली. मी रजा काढून गेले. आबांनी टोपी घातली, सायकलवरचा पाला झटकला आणि विचारलं, "कुठलं हाय आता आत?"

"निळंच. दोन नंबर."

"बरं." ते चढले. मी मागून चालत निघाले, पळावं लागलं तर पळायच्या तयारीनं. आबा वेशीबाहेरच्या चिंचेपर्यंत गेले, वळले, अर्ध्यात आले आणि उतरले. मी जवळ गेले. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कशी चालतीय?"

आबांनी पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. ते फिरतच राहिलं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो.

"सायकल हलकी हाय गं," आबा म्हणाले. "मी दमलोय."

आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी हँडलची एक बाजू धरली, त्यांनी दुसरी धरली, आणि आम्ही हळूहळू घराकडं चालत आलो.