रवळूअण्णांच्या सायकलीचा मूळ रंग

कल्पना करा, तुमच्या हातात दाढीचं ब्लेड आहे आणि सायकलीच्या दांडीवरचा रंग थराथरानं खरवडायचा आहे. जरा जोर जास्त झाला की तळाचा रंगही जाणार, आणि हवा आहे तो तोच. उचगावचे रवळूअण्णा परवा दुपारभर हेच करत बसले होते.

जाड टायरची ही गिअर सायकल त्यांनी १९९५ साली घेतली. तिच्यावरून ते उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं गेले. बंदमुळे बस थांबली तरी हजेरी चुकली नाही. बेळगावात जुन्या सायकलींचं प्रदर्शन आहे असं कळल्यावर मुलगी माधवीनं त्यांचं नाव दिलं. सायकलीचा एकदा चारचौघांत मान व्हावा, एवढंच अण्णांना हवं होतं. विंटेज गटाचे नियम दोन: वय पंचवीसच्या वर आणि रंग कारखान्यातला.

घोडं अडलं ते रंगावर. दर खंडेनवमीला अण्णा सायकल धुऊन, फाउंड्रीत उरलेल्या ऑइलपेंटनं रंगवून, मग हार घालून पूजा करत.

"अण्णा, सायकल हाय का भिंत?" माधवी म्हणाली.

"वर्षभर राबती बिचारी. सणाला नवं कापड नको तिला?"

हिरव्याखाली निळा निघाला. "तू इंजिनिअरिंगला गेलतीस, त्या सालचा." बऱ्याच खाली पिवळा. "ह्यो तुझ्या जन्माचा." आणि अगदी तळाशी, बोटभर जागेत, जांभळा.

"व्हय, ह्योच!" अण्णा हरखले. मग त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

"अजून सगळी सायकल ऱ्हायली की!"

"ऱ्हाऊ दे. सगळंच खरवडून कुठं जाऊ?"

सायकल तशीच प्रदर्शनात गेली. तिथल्या माणसानं ती बोटभर जागा निरखली आणि विंटेज गटात घेता येणार नाही असं सांगितलं. पण दाराशी उभी करू दिली. येणारा-जाणारा वाकून थर मोजत होता. अण्णा प्रत्येकाला नमस्कार करत होते, जणू घरचं कार्य आहे.

परतताना ते तिच्यावरूनच आले. उद्या खंडेनवमी. हार आणलाय, डबा उघडलाय, ब्रश मात्र कोरडाच आहे.

"माधवी, आता रंगवायचं थांबलो, तर वरचा ह्यो हिरवाच मूळ रंग म्हणून किती वर्सांनी धरतील गं?"