गारवा राखणारे मामा

हवा बाहेर पळून जाण्यासाठीच जन्माला आली आहे आणि तिला अडवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या बायकोचे मामा. सायखेड्याचे. त्यांची सगळी नोकरी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दारं लावण्याचं काम त्यांनी सोडलेलं नाही. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मी वाकलेला असतानाच ते म्हणाले, "आधी दार लावा जावईबापू, मंग पाया पडा." कोणाच्याही घरी ते पाणी पिण्याआधी फ्रिजच्या दाराचं रबर चाचपतात. एका भाचीच्या लग्नात वरात एसी हॉलच्या दारात नाचत होती, तर मामांनी शांतपणे काचेचं दार ओढून घेतलं. नवरदेव बाहेर, करवल्या आत. नाचून होऊ द्या, मग घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्न नीट पार पडलं. मुलाकडचे मात्र अजून मामांशी बोलत नाहीत, आणि हे मामांच्या लक्षात आलेलं नाही.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. आप्पांची खोली पश्चिमेची, खिडक्या इमारतीइतक्याच जुन्या. लोखंडी चौकटी वाकलेल्या, काचा पातळ. दुपारी खोली भट्टी व्हायची. उकाडा त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एसी लावला, तर आप्पांच्या अंगावर वारा येई आणि खोली तापलेलीच राही. शेवटी कळवणच्या माझ्या ताईने ठरवलं की पाडवा झाला की आप्पांना तिच्याकडे न्यायचं, कायमचं. आप्पा नको म्हणाले नाहीत. फक्त खालच्या कट्ट्यावरच्या मित्रांना त्यांनी आपला पत्त्यांचा जोड देऊन टाकला.

हे कळल्यावर मामा आले. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि पूजेला निघाल्यासारखे खिडकीच्या कडेकडेने फिरले. धूर सरळ शेजाऱ्यांकडे गेला. "एसी तुम्ही लावलाय," ते म्हणाले, "आणि गारवा खातोय बाहेरचा सगळा गंगापूर रोड." खिडक्याच बदलायच्या, दुहेरी काचेच्या, असा निकाल त्यांनी दिला. जुन्या चौकटी निघाल्या तेव्हा ते खोलीच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसले होते आणि कारागिराने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होते. कारागिराने एकच प्रश्न विचारला. सगळी तावदानं पक्की बसणारी मागवली आहेत, मग उघडायचं कोणतं?

"कोल्ड स्टोरेजला खिडक्या असत्यात का?" मामांनी विचारलं.

ऑपरेशनपासून कशालाच विरोध न केलेले आप्पा पलंगावरून म्हणाले, "मामा, मी द्राक्षाची पेटी नाही. संध्याकाळी मला खाली हाक मारता आली पाहिजे. नसेल जमत तर मी आपला कळवणला जातो."

मामा चहा न घेता उठून गेले. ते रागावले, असं आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात ते खिडक्यांच्या कारखान्यात जाऊन बसले होते आणि एक तावदान उघडणारं, पण दुहेरी रबराचं, करून घेतल्याशिवाय हलले नव्हते. ते बसवून झाल्यावर त्यांनी फटीत वर्तमानपत्राची पट्टी धरून ते बंद केलं आणि पट्टी ओढली. कागद फाटला, निघाला नाही. मामांचा चेहरा तेव्हा भाचीच्या लग्नातही नव्हता इतका प्रसन्न होता.

पाडव्यानंतर ताई गाडी घेऊन आली. ऐन दुपारी ती आप्पांच्या खोलीत बराच वेळ बसली. बाहेर रस्ता तापून पांढरा पडला होता. आत एसी अगदी मंद होता आणि आप्पा पातळ चादर घेऊन घोरत होते. तिने त्यांची भरलेली बॅग पुन्हा कपाटात रिकामी केली आणि चहा घेऊन निघाली.

मामांचे आभार मानायचं मी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा त्यांनी मला फ्रिजचं रबर बदलायला सांगितलं. हल्ली गुडघे दुखतात, तरी ते आठवड्यातून एकदा एसटीने येतात. ऊन उतरलं की ते तावदान स्वतः उघडतात आणि आप्पा खाली हाका मारतात. खालून उत्तरं येतात, जुने हिशोब निघतात, कोणी कोणाचा एक्का लपवला यावर भांडण होतं. मामा तावदानाची मूठ धरून शेजारी उभे असतात. त्या वेळात किती गारवा बाहेर गेला, हे त्यांना नेमकं कळत असतं. पण आप्पांचं बोलणं संपेपर्यंत तावदान लावत नाहीत.