झिरोकाकांचे वॉट

कुठलाही काटा झिरोकाका आधी नखाने टिचकी मारून बघत आणि मगच वाचत. किराणा दुकानातला तराजू असो, फलाटावरचं घड्याळ असो, नाहीतर टायरमध्ये हवा भरणाऱ्याचा गेज असो. एकदा पालघरला बीपी तपासायला गेले असताना त्यांनी डॉक्टरांच्याच यंत्राला टिचकी मारली आणि म्हणाले, "डाक्टर, आदी ह्याचा झिरो बगा. पट्टा रिकामा, न काटा चारवर उबा हाय." डॉक्टरांनी चष्मा लावून पाहिलं. काटा खरोखर चारवर होता. ही गोष्ट काकांनी पुढे कारखान्यात इतक्या वेळा सांगितली की आपलं स्वतःचं बीपी त्या दिवशी किती निघालं, हे सांगायचंच ते विसरले आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. मी तिथेच प्रयोगशाळेत. बार्शीहून आलेली, कोणी ओळखीचं नाही, रोज काहीतरी चुकायचं. पहिल्याच आठवड्यात एका टाकीचं तापमान भलतंच दिसायला लागलं. सगळे वॉल्व्हकडे धावले. काका मात्र हात पुसत आले आणि म्हणाले, "मॅडम, मीटर तपासला का?" मीटरच बिघडलेला होता. तेव्हापासून त्यांचा तो प्रश्न मी गुरुमंत्रासारखा धरला. आकडा विचित्र आला की माणसाने घाबरायचं नाही, मीटर उघडायचा. आम्हा दोघांनाही त्याचा जरा गर्वच होता, हे आता कबूल करायला हवं.

काका माकुणसारचे. सफाळ्याहून गाडीची सोय असताना हा माणूस बोईसरपर्यंत सायकलने यायचा. त्यांच्यामुळेच मला सायकलचं वेड लागलं. दोन वर्षांपूर्वी मात्र एमआयडीसीच्या रस्त्यावर एक टँकर खड्डा चुकवताना माझ्या अंगावर आला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. माझा नवरा शाळेत मराठी शिकवतो. एरवी कधी आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी त्याने दवाखान्यातच सुनावलं, "यापुढे रस्त्यावर सायकल नाही. घरात काय ते कर."

म्हणून स्मार्ट ट्रेनर घ्यायचं ठरलं. काका नुकतेच निवृत्त झाले होते. मी त्यांना समजावलं की आपलीच सायकल एका यंत्राला जोडायची, जागेवर पेडल मारायचे आणि आपण किती वॉट ताकद लावतो ते मोबाईलवर दिसतं. काकांना धक्काच बसला. "म्हंजे एवडा घाम गाळायचा न जायाचं कुटंच नाय?" पण वॉट मोजतो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. जो कुठलाही आकडा दाखवतो तो मीटर, आणि मीटर म्हणजे काकांचा प्रांत.

विरारच्या दुकानात ते माझ्याबरोबर आले. दुकानदार पडद्यावर परदेशातले डोंगर दाखवत होता, चढ आला की यंत्र आपोआप कसं जड होतं ते रंगवून सांगत होता. काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला पेडल मारायला सांगितलं. बेअरिंगची तब्येत ते अशीच ऐकत. ज्या यंत्राच्या रोलरवर सायकलचा टायर घासतो, ते त्यांनी दोन मिनिटांत बाद केलं. "टायरात हवा कमी-जास्त झाली की आकडा बदलनार. असला मीटर काय कामाचा?" मागचं चाक काढून साखळी थेट ज्याला जोडतात, त्या यंत्राजवळ ते थांबले. "ह्याचा झिरो कसा सेट करतात?" दुकानदार बावचळला. "काका, आजपर्यंत हे कुणी विचारलं नाही," असं म्हणून त्याने माहितीपुस्तक उघडलं. पेडल मारून यंत्रातलं जड चाक जोरात फिरवायचं, पाय थांबवायचे, आणि ते आपसूक थांबेपर्यंत यंत्र स्वतःला तपासून घेतं, असं त्यात लिहिलं होतं. "हेच घ्या," काका म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्यांना आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी कुठूनतरी जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा आणून यंत्राखाली घातला. आधी मी वीस मिनिटं पेडल मारले, मग ते स्वतः चढले. वीस मिनिटांनी मोबाईल बघून मी थक्क झाले. माझे पंचाण्णव वॉट आले होते, आणि साठीच्या या शिडशिडीत माणसाचे एकशे अडुसष्ट! काकांनी मोबाईललाही टिचकी मारली आणि म्हणाले, "बरोबर दाकवतो."

त्यांची मुलगी बेटेगावला दिलेली. दर रविवारी सकाळी सायकलने तिच्याकडे जाताना ते वाटेत बोईसरला आमच्याकडे वीस मिनिटं पेडल मारत आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. एकशे अडुसष्ट. एकशे साठ. एकशे एकोणपन्नास. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी यंत्राचा झिरो तीनदा सेट केला. पुढच्या रविवारी एकशे सदतीस. माझा आकडा मात्र चढत चढत एकशे पंधरावर गेला होता.

"सापडलं!" काका म्हणाले. "मॅडम, खालचं वर दाकवतोय न वरचं खाली. नुसता झिरो नाय, सगळाच मीटर गेला." मलाही ते चटकन पटलं. अशी खोड असलेले मीटर आम्ही दोघांनी कारखान्यात किती पाहिले होते! नवरा पेपर तपासत बसला होता. तो मान वर न करताच म्हणाला, "पण तुझी ताकद खरंच वाढली असेल. आणि काकांची..." काका आणि मी हसलो. "सर, तुमी आपले पेपर तपासा, मीटर आमी तपासतो," काका म्हणाले. मीही हसले. ते माझं हसू आठवलं की आज मला स्वतःची लाज वाटते.

कारण दिसत सगळंच होतं. दुसरा मजला चढताना ते मधे थांबायला लागले होते. "जिन्याला पायऱ्या वाडवल्या काय?" असं विचारायचे आणि मी चहा टाकायला जायचे. एकदा पेडल मारता मारता त्यांनी जबडा चोळला. म्हणाले, दाढ ठणकते. मी त्यांना लवंग दिली. हृदयाचं दुखणं जबड्यातही उतरतं हे ठाऊक असलेल्या, शास्त्र शिकलेल्या बाईने लवंग दिली!

यंत्र वॉरंटीत होतं. काकांनी स्वतः ते थर्माकोल लावून खोक्यात भरलं आणि वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'रीडिंग कमी दाखवतो.' सोमवारी कुरिअरवाला खोकं घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा गेले. केळव्याच्या रस्त्यावर सायकलवरून उतरले, कडेला बसले, न बसल्या जागीच..." मी लॅबमध्ये उभी होते. हातातलं काचेचं भांडं तसंच ठेवून मी निघाले.

माकुणसारला अंगण भरलेलं होतं. काकूंनी मला जवळ बसवलं. त्या रडत नव्हत्या, नुसत्या बोलत होत्या. "महिना झाला बाय, दम लागायचा. मी बोलली, डाक्टरकडं चला. तर बोलले, आदी ती मशीन दुरुस्त होऊन येऊ दे. मशीनच चुकीची असली तर डाक्टरकडं कशाला जायाचं? मशीन बरोबर निगाली तर मग जाऊ."

म्हणजे काकांच्या मनात शंका आली होती. माझ्यासमोर हसणारा तो माणूस घरी जाऊन विचार करत होता, आणि माझ्या खोक्याची वाट बघत होता.

बाराव्या दिवशी खोकं परत आलं. आत छापील कागद होता. 'सर्व चाचण्या केल्या. कोणताही बिघाड आढळला नाही.' मी तो पुन्हा पुन्हा वाचला. नवऱ्याने एकदाच वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. "बाय, ती मशीन आली का? काय निगालं तिच्यात?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा कधी खोटा लिहिलेला नाही. कागद माझ्या हातात होता.

"बिघाड होता काकू," मी म्हणाले. "मशीनच चुकीचं दाखवत होती."

पलीकडे काकूंनी मोठा श्वास सोडला आणि घरातल्या कुणालातरी मोठ्याने सांगितलं, "बगितलं? ते बोलतच होते!"