ह्यूइनाची टाच

ह्यूइना समुद्रकाठच्या कोळ्याची लेक. लग्न होऊन आमच्या डोंगरात आली तेव्हा तिला मेंढी आणि बकरी यांतला फरक कळत नव्हता, असं तिचा शेजारी टॉरक्विल आजही छातीठोकपणे सांगतो. दोघांचं कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून कधी चाललंही नाही. पण माहेरी अनवाणी वाढलेल्या या बाईच्या तळव्यांना जमिनीतली ओल नेमकी कळते, हे गावाने लवकरच हेरलं.

हिवाळा सरला की आम्ही डोंगरभर पसरलेली हेदरची जुनी, काटक्या झालेली झुडपं पट्ट्यापट्ट्याने जाळतो, म्हणजे मेंढ्यांना कोवळे कोंब मिळतात. खालची जमीन ओली असली तर आग वरवरची झुडपं खाऊन निघून जाते. कोरडी असली तर खालच्या, कुजक्या शेवाळाच्या काळ्या मातीत शिरते. तीच माती वाळवून आम्ही चुलीत घालतो, मग डोंगरावर ती जळायची कशी थांबेल? म्हणून काडी ओढण्याआधी ह्यूइना बूट-मोजा काढायची, शेवाळात टाच रुतवायची आणि म्हणायची, "लावा." त्यावर कोणी ब्र काढत नसे.

एकच जागा कधी जाळायची नाही, ती डोंगराची वरची पाठ. शेवटच्या खुरट्या झाडांपलीकडे हेदर आणि ब्लेबेरी वाऱ्याच्या भीतीने घोट्याएवढीच वाढतात. हिवाळ्यात वारा तिथला बर्फ झाडून नेतो आणि साऱ्या गावाच्या मेंढ्या त्या झुडपांवर जगतात. ती जळली तर आमच्या हयातीत परत यायची नाहीत.

त्या वर्षी पूर्वेचा कोरडा वारा थांबायचं नाव घेईना. टॉरक्विल कुरकुरत होता. ह्यूइनाने टाच रुतवली, जरा जास्तच वेळ ठेवली आणि म्हणाली, "लावा."

दुपारपर्यंत ज्वाळा विझल्या, धूर मात्र विझेना. आग मातीत शिरली होती आणि आतल्या आत वरच्या पाठीकडे सरकत होती. आम्ही फावडी घेतली आणि तिच्या वाटेवर खडक लागेपर्यंत चर खणायला लागलो. ह्यूइना सगळ्यांच्या पुढे खणत होती.

"ह्यूइना," टॉरक्विल म्हणाला, "तुझा बूट जळतोय."

तिने खाली पाहिलं. बुटाच्या तळातून धूर येत होता आणि तिला पत्ताच नव्हता. टॉरक्विलने तिला ओढून बाजूला बसवलं, बूट उपसला. टाच लालभडक झाली होती. ह्यूइनाने टाचेला बोट लावून पाहिलं.

"साखरेच्या आजाराने गेलाय हा पाय," ती म्हणाली. "गेल्या वर्षापासून काही कळत नाही."

"मग ओलं आहे म्हणून कशाच्या जोरावर सांगितलंस?"

"या दिवसांत असतंच ना ओलं. आणि तुम्ही सगळे माझ्या पायाकडे बघत उभे. काय सांगणार होते?"

मला तिचा भयंकर राग आला. तिची टाच बघून रडूही आलं. बोलण्यात घालवायला वेळ नव्हता, आम्ही पुन्हा खणायला लागलो.

संध्याकाळी वारा फिरला आणि बर्फ पडायला लागला. कोकरं जन्मायच्या दिवसांत येणाऱ्या या बर्फाला आम्ही दरवर्षी शिव्या घालतो. त्या दिवशी टॉरक्विलने टोपी काढून टकलावर तो पडू दिला. सकाळी जाऊन पाहिलं तर चराच्या खाली काळं, वर सगळी झुडपं जागच्या जागी, आणि धुराचा मागमूस नाही. गावाचा जीव भांड्यात पडला. ह्यूइना तिथेच बसून मोकळेपणी रडली, कोणी तिला थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी जाळायला जमलो, तेव्हा ती मागे, काठी टेकून उभी होती. कोणीच काडी काढेना. शेवटी टॉरक्विल खाली बसला, कण्हत-कुथत बूट काढला आणि शेवाळात पाय घातला.

"सांग बाई, काय लागायला हवं?"

"बोटांच्या बेचक्यांत पाणी आलं?"

"आलं."

"टाच उचल. खळग्यात भरतंय?"

"भरतंय. आणि जीव जातोय थंडीने."

"इतकी वर्षं माझा नाही गेला तो?" ह्यूइना म्हणाली. "लावा."