या कुशीपासून त्या कुशीपर्यंत

आमच्या मॅडम गर्भाशयाची ऑपरेशनं दुर्बिणीने करतात. पोटावर करंगळीच्या नखाएवढी तीन भोकं, बाकी काही नाही. शेवटचा टाका घातला की मला विचारतात, "सिस्टर, दिसतोय का?" मी "नाही" म्हटलं की दिवसभर गुणगुणतात.

पालीकडच्या एका सासूने सुनेची ती भोकं बघितली आणि म्हणाली, "इतकुसाच होय? मग परवा भाताच्या लावणीला येईल ही."

मॅडमनी वाद घातला नाही. सासू चहाला गेल्यावर माझ्याकडून सुनेच्या पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत पट्टी चिकटवून घेतली.

परतलेली सासू ती बघून खाटेवर टेकलीच. "बाय माझी, महिनाभर उठू नको हां."

मॅडम खिडकीकडे तोंड करून गुणगुणत होत्या.

आता लावणीच्या दिवसांत मी मोठ्या पट्ट्या जास्तीच्या मागवते.