भातातले काटे

रोह्याच्या अलीकडे, भातशेतीला लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात मी नऊ वर्षं स्वयंपाक केला आणि वाढपही केलं. चौदा माणसं जेवायला. आत अंडंसुद्धा यायचं नाही, असा तिथला नियम. वडखळजवळच्या आमच्या गावाहून मी सकाळच्या एसटीने यायचे आणि साडेअकराला ताटं मांडायचे.

एका श्रावणात तिथे एक म्हातारे बाबा आले. खाडीकाठचे, सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. सोडायला आलेल्या मुलाला मी आधीच सांगितलं, "इथं मासे मिळायचे नाहीत."

"चालंल त्यांना," तो म्हणाला. "आई गेल्यापासनं खातच नाय ते."

पहिल्याच दिवशी मी पाहिलं, बाबांनी वरणभात कालवला, बोटांनी पसरला आणि चिमटीत काहीतरी धरून ताटाच्या कडेला ठेवलं. मग पुन्हा. चिमटीत काहीच नव्हतं. मासा निवडतात तसा त्यांनी तो अख्खा भात निवडला, मगच पहिला घास घेतला. हाताची सवय असेल, म्हणून मी सोडून दिलं.

आठवड्याभरात त्यांच्या शेजारी बसणारे तसं करायला लागले. मग समोरचे. एका दुपारी मी वरणाचं पातेलं घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. चौदाही जण माना खाली घालून भातातून काटे काढत होते. पंख्याचा तेवढा आवाज होता.

त्यांत बाईसुद्धा होत्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नसे. मासळीबाजाराच्या रस्त्याने त्या कधी गेल्या नव्हत्या. आपल्या ताटाला कुणाचा हात लागू देत नसत. आणि त्यांची बोटं अगदी बरोबर चालत होती: आधी मधला मोठा काटा, मग बाजूचे, मग केसासारखे बारीक. मी लहानपणापासून मासे खाल्लेत. ते नुसतं बघून येत नाही.

"बाई, काय काढताय?"

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "काही नाही. तू वाढ."

व्यवस्थापकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हातारी माणसं एकमेकांचं बघून करतात. जेवतात ना पोटभर? मग झालं."

त्यानंतर तीन-चार दिवसांनी दुधीची भाजी होती. जेवता जेवता बाईंनी गळ्याला हात लावला. "काटा," एवढंच म्हणाल्या, आणि पुढे त्यांना बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पाणी घेऊन धावले, पण त्याआधी बाबा उठले होते. त्यांनी कोरड्या भाताचा मुठीत गोळा वळला आणि बाईंच्या तोंडाशी नेला.

"चावू नका. गिला."

बाईंनी गिळला. दुसराही. तिसऱ्याला त्यांचा श्वास मोकळा झाला. पदराने तोंड पुसलं, तर पदराला रक्त लागलं.

दुपारी रोह्याहून डॉक्टर आले. बॅटरी लावून घसा पाहिला. "खरचटलंय. ताजं आहे. भाजीत एखादी काडी राहिली असेल."

उरलेली भाजी, वरण, सगळं मी चाळणीतून गाळलं. काही निघालं नाही.

बाबा पडवीत बसले होते. मी जवळ जाऊन बसले. "बाबा, काय होतं ते?"

"बायकोला दिसत नव्हता गो शेवटी. मीच काटे काढून भरवायचो. एक दिस एक राहिला. दवाखान्यात नेईपर्यंत..." त्यांनी बोटं गुडघ्याला पुसली. "तवाधरनं ताट समोर आला का हात र्‍हात नाय. आता तो हिकडं आला."

"कोण?"

"राहिलेला."

भर दुपार होती, बाहेर ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. बाकीच्यांचं ते निवडणं हळूहळू थांबलं. पण बाईंनी जेवण सोडलं. दोन दिवस नुसत्या ताकावर होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"त्यांना इथे बसव. त्यांनी बघून दिल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

बाबा तयार होईनात. "नको गो. एकदा चुकलाय मी."

"त्या उपाशी आहेत," मी म्हटलं. तेव्हा उठले.

बाईंनी आपलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. बाबांनी अर्धा तास भात तपासला. तो पार गार झाला. बाईंनी सगळा खाल्ला.

त्यानंतर रोज असंच चाललं. शिमग्यानंतर एका पहाटे बाबा झोपेतच गेले. त्या दुपारी मी बाईंचं ताट वाढलं, तर त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

"तू खाडीकडचीच ना?"

"व्हय."

मी बसले. त्यांचं मन राहावं म्हणून बोटं फिरवली.

"नीट बघ," बाई म्हणाल्या.

मग मी ताट खिडकीच्या उजेडात घेतलं आणि शीत न् शीत वेगळं करायला लागले. मागे पंगत ताटकळली होती, वरण निवत होतं. पण मला घाई करवेना. मी खरोखरच शोधत होते.